किल्ली ज्याच्या कमरेला

रखमाजी लेकीच्या गावाला निघाला की पोटापाण्याची सोय बरोबर घेऊन निघायचा. धडप्यात बांधलेल्या चार भाकरी, त्यांवर दोन कांदे, आणि फिरकीच्या तांब्यात भरलेलं आपल्या वाटूर गावच्या विहिरीचं पाणी. जालन्याला पाण्याचा दुष्काळ होता असं मुळीच नाही. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्याच्या घराण्याची रीत होती. हातावर पाणी सोडून एकदा दिलेली लेक. तिच्याकडून परत काही घ्यायचं ते नातवाच्या बारशाला, त्याआधी नाही.

रीत काही एकट्या रखमाजीची नव्हती. पंचक्रोशीत पुष्कळ घरांत ती होती, पण बाकीच्यांना ती वर्ष-दोन वर्षं पाळावी लागायची. मग नातवंड व्हायचं, बाप बारशाच्या बुंदीवर ताव मारायचा आणि रीत सुखानं विसरली जायची. रखमाजीच्या लेकीच्या, गोजरच्या लग्नाला मात्र नऊ वर्षं झाली होती.

नऊ वर्षं रखमाजी जालन्याला जाऊन लेकीच्या ओट्यावर बसत आला. उंबरा ओलांडू नये असं रीत काही सांगत नव्हती. ते त्यानं आपल्या पदरचं घातलं होतं. आत गेलं की लेक चहा टाकणार, आणि तिनं पुढं केलेल्या कपाला नाही म्हणायला आपली जीभ रेटणार नाही, हे तो ओळखून होता. म्हणून ओटा बरा. तो आणि त्याची बायको सगुणाबाई ओट्यावर धडपं सोडायचे, भाकरी खायचे, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे, लेकीशी चार गोष्टी बोलायचे आणि उन्हं कलायच्या आत मोटार गाठायचे. गोजर दाराच्या आतल्या बाजूला चौकटीला टेकून बसायची. बाप जेवतोय आणि लेक नुसती बघतेय, असा तो पाहुणचार.

गल्ली काही आंधळी नव्हती. म्हातारा तांब्या घेऊन आला की गल्लीला आठवण व्हायची, अरे, अजून काही नाही वाटतं! रखमाजीलाही ते कळायचं. कळून वळायचं नाही, एवढंच. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असं सगुणाबाई त्याच्याबद्दल विहिरीवर बायकांत म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

अठ्ठावन्न सालची संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. ज्वारी हुरड्यात आली होती आणि रखमाजी माळ्यावर बसून पाखरं राखत होता. तिथं टपालवाल्यानं त्याला गोजरचं कार्ड आणून दिलं आणि वाचूनही दाखवलं.

‘तीर्थरूप आबा व माय यांना गोजरचा साष्टांग नमस्कार. हे जिथं नोकरीला आहेत त्या संग्रहालयाच्या गच्चीवर नवं हॉटेल निघालं आहे. येत्या गुरुवारी दुपारी आपण दोघांनी तिथं जेवायला यावं. हॉटेल माझं नाही, यांचंही नाही, तेव्हा रीत आडवी येण्याचं कारण नाही. नऊ वर्षांत एकदा तरी तुम्हाला जालन्यात पोटभर जेवताना डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा आहे. नाही म्हणू नये.’

शेवटचे तीन शब्द टपालवाल्यानं दोनदा वाचले. रखमाजीनं कार्ड मुंडाशात खोवलं आणि दोन दिवस माळ्यावर बसून विचार केला. हॉटेल म्हणजे काय, तर धर्मशाळेचाच प्रकार. येईल तो खाईल, जाईल तो जाईल. तिथं ना कुणाचा उंबरा, ना कुणाचं नातं. लेकीचं मन राहील आणि रीतही राहील. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. तिसऱ्या दिवशी घरी येऊन तो सगुणाबाईला म्हणाला, “गुरुवारी जालन्याला जायचं. पोरीनं लई जीव लावून बोलावलंय.”

“भाकरी किती थापू?” सगुणाबाईनं विचारलं.

“थाप चार. न्हाई लागल्या तर न्हाई लागल्या.” तांब्याही त्यानं भरून घेतला. नऊ वर्षांची सवय एका कार्डानं जात नाही.

मोटारीच्या अड्ड्यावर जावई टांगा घेऊन उभा होता. जगन्नाथ स्वभावानं गरीब, अंगानं किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा आणि अंगात उन्हाळ्या-पावसाळ्यात एकच कोट. बापाची वीस एकर सोडून हा जुन्या दगडांच्या आणि मोडक्या तलवारींच्या नादी लागला, याचं रखमाजीला सुरुवातीला वाईट वाटलं होतं. पुढं ते तो विसरला. जावई लेकीला हळू आवाजात हाक मारतो आणि तिला शाळेसारखं वाचायला शिकवतो, हे त्यानं ओट्यावर बसून ऐकलं होतं, आणि तेवढं त्याला पुरलं होतं.

संग्रहालयाला रखमाजी अजबखाना म्हणायचा. कुंडलिकेच्या काठी, उंचवट्यावर, काळ्या दगडाची दुमजली इमारत. काकासाहेब म्हणून एक वकील होऊन गेले, त्यांनी जन्मभर जमवलेल्या वस्तू आणि ही इमारत मरताना गावाला देऊन टाकली होती. गोजर दारातच उभी होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, सणासारखी नटलेली. आईबापांना बघून ती पुढं धावली आणि मग आपण गच्चीवरच्या हॉटेलात जेवायला आलो आहोत हे आठवून सावकाश चालू लागली. रखमाजीनं दाराशी वहाणा काढल्या, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

“आबा, हे देऊळ न्हाई!” गोजर हसली.

“जुनं हाय ना? मंग झालं.”

आतल्या दालनात काचेच्या कपाटांतून पितळी दिवे, नाणी, कट्यारी, कुणा नवाबाचा हुक्का असं काय काय मांडलं होतं. एका कपाटापुढं रखमाजी थबकला. आत धान्य मापायची एक लाकडी पायली होती, पितळेची पट्टी मारलेली, आणि तिच्यापुढं सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी.

“हे काय लिवलंय?”

“पूर्वी धान्य मोजण्यासाठी वापरात असलेलं माप,” जगन्नाथनं वाचून दाखवलं.

“पूर्वी? अवो, काल सकाळीच हिच्यानं ज्वारी मापली म्या!” रखमाजीनं सगुणाबाईकडं पाहिलं. “चल, तूबी बस कपाटात. तुझ्याबी म्होरं चिठ्ठी लावत्याल.”

“तुमी बसा आधी. तुमचं माप जुनं हाय,” सगुणाबाई म्हणाली. जगन्नाथ तोंडावर रुमाल धरून हसला आणि सगळे जिना चढले.

गच्ची मात्र खरोखर देखणी होती. पांढऱ्या कापडाचा मोठा मांडव, त्याखाली वेताच्या खुर्च्या, टेबलांवर परीटघडीच्या चादरी, कठड्याच्या कडेनं रंगीत पानांच्या कुंड्या. पलीकडच्या टेबलावर कोणी डॉक्टर आणि त्यांची बायको काट्या-चमच्यांनी जेवत होते. हॉटेलचे मालक वामनराव सामोरे आले. वीस वर्षं सिकंदराबादच्या एका मोठ्या क्लबात त्यांनी साहेबलोकांना जेवू घातलं होतं. पोलीस ॲक्शननंतर गावी परतले, पण कमरेत वाकायची लकब तिथलीच राहिली होती.

“या, तशरीफ ठेवा! गोजरताईंनी आठ दिवसांपासून सांगून ठेवलंय, माझे आबा येणार, माझी माय येणार.”

रखमाजी खुर्चीच्या कडेला बसला. सगुणाबाईनं वर चढून सरळ मांडी घातली. बशीत पंख्यासारखा घडी घातलेला पांढराशुभ्र रुमाल होता. लेकीच्या गावी आलेल्या सवाष्णीला खण ठेवलाय, असं समजून तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि कमरेला खोवला. “लई आदर करत्यात बाई हे लोक,” ती गोजरच्या कानाशी म्हणाली. वामनरावांनी हे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता दुसरा रुमाल आणून ठेवला. माणूस घरंदाज होता.

जेवण यायला वेळ होता, म्हणून गोजरनं बापाला कठड्याशी नेलं. खाली कुंडलिकेचं पात्र पसरलं होतं, धुणं धुणाऱ्या बायका, पलीकडं जुना जालना, देवळांचे कळस, मशिदीचे मिनार. अलीकडं जिनिंगच्या चिमण्यांतून धूर निघत होता आणि कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. स्टेशनात मालगाडी उभी होती. रखमाजीनं उभ्या जन्मात इतक्या उंचावरून काही पाहिलं नव्हतं. माळ्यावरून दिसतं ते आपलंच शेत.

“बघा, कसं वैभव आहे!” वामनराव मागून म्हणाले. “उगीच नाही म्हणत, जालना सोन्याचा पालना!”

पाळण्याचं नाव निघालं तशी गोजर कठड्यावरची धूळ बोटानं पुसू लागली. वामनरावांच्या ते गावीही नव्हतं. रखमाजीला मात्र त्या भल्या माणसाला नदीत ढकलून द्यावंसं वाटलं.

“तो कडुनिंब दिसतो का आबा?” जरा वेळानं गोजर म्हणाली. “त्याच्या डाव्या हाताला, पत्र्याचं. ते आपलं घर.”

रखमाजीनं डोळ्यांवर हात धरला. घर दिसलं. पण त्याला माहीत होता तो ओटा पलीकडच्या बाजूला राहिला होता. इथून दिसत होतं ते परसू. तुळस, न्हाणीचा दगड, दोरीवर वाळत घातलेलं निळं लुगडं, भिंतीच्या कडेनं लावलेली मिरचीची चार रोपं. लेक नऊ वर्षं ज्या अंगणात वावरते ते आपण आज पहिल्यांदा बघतोय, आणि तेही परक्याच्या गच्चीवरून, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं नाही.

“मिरच्या बऱ्या आल्यात,” तो म्हणाला आणि खुर्चीकडं वळला.

जेवण आलं. चिनी मातीच्या ताटांत पिवळाधमक पुलाव, कुर्मा, मसाल्यात माखलेली सबंध वांगी, गव्हाच्या पातळ पोळ्या, आणि काचेच्या उंच पेल्यांत पाणी. वामनराव एकेक पदार्थाचं नाव सांगत होते. रखमाजीनं काटा उलटासुलटा करून पाहिला, दाताळ्याचं पिल्लू आहे म्हणाला आणि बाजूला ठेवला. गोजर स्वतः जेवत नव्हती. दोन्ही हात मांडीत धरून ती बापाच्या हाताकडं बघत होती. आठ दिवस ती या घासाची वाट बघत होती. रखमाजीनं पोळी मोडली, वांग्याची फोड घेतली, घास उचलला.

तेवढ्यात वामनराव परत आले. “साहेब, मागच्या जिन्याची किल्ली द्या. खालून कोळसा आणायचाय.”

जगन्नाथनं कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा भला मोठा जुडगा काढून त्यांना दिला. रखमाजीचा घास ओठांपासून चार बोटांवर थांबला.

“ह्या एवढ्या किल्ल्या तुमच्यापाशी कामून?”

“मीच व्यवस्थापक आहे ना मामा आता. काकासाहेब गेल्यापासून पंचांनी सगळं माझ्याकडं सोपवलंय.”

“सगळं?”

“सगळं. गच्चीसकट,” जगन्नाथ अभिमानानं म्हणाला. गोजरनं टेबलाखालून त्याला पाय मारला, पण तोवर फार उशीर झाला होता.

रखमाजीनं घास ताटाच्या कडेला ठेवला. “मंग गच्ची तुमची झाली की, जावईबापू.”

“माझी कुठली? संस्थेची. मी नोकर.”

“तसं न्हाई. किल्ली ज्याच्या कमरेला, घर त्याचं. आमच्या वडलांनी कोठाराची किल्ली मरंस्तोवर सोडली न्हाई, तंवर आमी आमच्याच घरात पाव्हणे व्हतो.”

“अहो, हॉटेल तर माझं आहे!” वामनराव मदतीला धावले.

“तुमी बिऱ्हाडकरू. घरमालक हे. म्हंजी ही जागा जावयाची, म्हंजी लेकीची. बराबर का न्हाई?”

हसावं तर म्हातारा गंभीर होता. वाद घालावा तर त्याच्या कायद्यात फट दिसत नव्हती. “अवो, वाढलेल्या ताटावर काय धरलंय हे?” सगुणाबाई म्हणाली. रखमाजीनं मान हलवली, खाली वाकला आणि खुर्चीखालचं धडपं वर घेतलं. मग तांब्या काढून त्या परीटघडीच्या चादरीवर ठेवला. पलीकडची डॉक्टरांची बायको वळून बघू लागली. गोजरनं मान खाली घातली.

जगन्नाथ तसा मुलखाचा अबोल. पण बायकोचा तो चेहरा बघून त्याला कुठून तरी युक्ती सुचली. त्यानं वामनरावांच्या हातातून जुडगा परत घेतला आणि दोन्ही हातांनी सासऱ्यापुढं धरला.

“मामा, तुमचा कायदा मला मान्य. किल्ली ज्याच्या कमरेला घर त्याचं ना? मग धरा. जेवण होईपर्यंत गच्ची तुमची. आम्ही दोघं तुमच्या घरी जेवायला आलोय.”

रखमाजी जुडग्याकडं बघत राहिला. मग त्याच्या मिशा हलल्या, आणि तो गच्ची दणाणून जाईल एवढ्यानं हसला. “जावईबापू, तुमी वकील व्हायाला पायजेल व्हतं!” त्यानं जुडगा घेतला, धोतराच्या कमरेला घट्ट खोवला आणि खुर्चीत प्रथमच मागं टेकून बसला. “वामनराव, आता मी यजमान. माझ्या जावयाला गरम पोळी वाढा. गोजरे, जेव बाई. माहेरी आलीस समज.”

वामनराव हसत पोळ्या आणायला गेले. सगुणाबाईनं सुस्कारा सोडला. रखमाजीनं कडेला ठेवलेला घास परत उचलला, आणि तेव्हा त्याला दिसलं की गोजर हसत नव्हती.

“मला माहेरी जेवायचं न्हवतं आबा,” ती म्हणाली. “माहेरी म्या दर दिवाळीला जेवती.”

“मंग आता काय झालं?”

“आज कमरेला किल्ल्या बांधल्या. पुढच्या खेपेला काय बांधताल?”

“पुढचं पुढं बघू. देवानं मनावर घेतलं तर...”

“देवाचं झालंय बघून.” गोजरचा आवाज चढला नव्हता, फक्त शब्द एकेक करून येत होते. “दिवाळीआधी औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईला दाखवून आल्तो आमी. मला मूल व्हायचं न्हाई आबा. उशिरानं न्हाई, कवाच न्हाई. मंग तुमी माझ्या घरी पाणी कवा पिणार? म्या म्हातारी होईस्तोवर तुमी ओट्यावर बसणार, अन् म्या आतून बघणार? तुमी तांब्या घेऊन आलाव की समोरच्या दुर्गाबाई मला इचारतात, अजून पाणी घेऊनच येतात का गं? लोक बोलत्यात त्याचं काय वाटत न्हाई मला. पण माझा बाप दर खेपेला घरून पाणी आणून मला सांगून जातो, तुझ्यात कमी हाय म्हणून. ते सोसत न्हाई.”

रखमाजीला एकदम म्हातारपण आल्यासारखं झालं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“म्या तुला टोचाया पाणी आणत व्हतो का गं?”

“मंग कशाला आणत व्हता?”

“मला भ्या वाटायचं. रीत तर कवाच मोडली असती म्या. वाटुरातबी लोक म्हणले, आता पाच वर्सं झाली, सोड. पण मला वाटायचं, म्या तुझ्या घरी पाणी पिलो की देव म्हणंल, म्हातारा थकला, ह्यानंच आस सोडली, आता आपुन कशाला द्यावं? म्हणून धरून ठिवलं म्या. तुझ्यासाठी ठिवलं. तांब्या भरताना दर खेपेला म्हणायचो, ही शेवटची खेप. पुढच्या खेपेला लेकीच्या हातचं.”

गोजर बापाकडं बघतच राहिली. “हे मला कवा सांगितलं न्हाई.”

“सांगाया काय, मलाच धड म्हाईत न्हवतं.”

जगन्नाथनं चष्मा काढून पुसला. “मामा, मूल होणार नाही. आम्ही दोघं त्यातून गेलोय, रडून झालंय. आम्ही आहोत तसे बरे आहोत. तुम्ही फक्त घरी या.”

सगुणाबाईनं टेबलावरून हात लांबवून लेकीच्या मनगटावर ठेवला होता.

रखमाजीनं कमरेचा जुडगा उपसला. एवढा घट्ट खोवला होता की सोडवताना धोतराचा सोगा सुटला. त्यानं तो जुडगा जावयाच्या ताटाशेजारी ठेवला.

“ह्या घ्या तुमच्या किल्ल्या. गच्ची तुमची, लेक तुमची, अन्न तुमचं. समदं कबूल. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?”

मग तो जेवला. वाढलेलं ताट, अन्न टाकायचं नाही, हीही त्याचीच रीत होती. वांगी तोंडात घातल्याबरोबर जीभ भाजली एवढी तिखट होती. तरी त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. पुलाव पोळीबरोबर खाल्ला, कुर्म्यात बोटं बुडवली, शेवटी बशीभर गोड पाव आला तोही संपवला आणि वामनरावांना म्हणाला, “हात चांगला हाय तुमचा.” गोजर जेवता जेवता मधेच थांबून बापाकडं बघत होती आणि परत जेवत होती. पण समोरचा पाण्याचा पेला रखमाजीनं हलवला नाही. तांब्यालाही हात लावला नाही.

“पाणी घ्या ना,” वामनराव म्हणाले. “की गार हवंय?”

“न्हाई. तहान ठिवून राह्यलो.”

“कशासाठी?”

“लेकीच्या घरी जाऊन येतो,” रखमाजी म्हणाला आणि उठला. सगुणाबाईनंही आपला भरलेला पेला हळूच मागं सारला होता, पण तिकडं त्याचं लक्ष गेलं नाही.

जगन्नाथनं टांगा आणतो म्हटलं. रखमाजी चालत जाऊ म्हणाला. थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन लागत होतं आणि वांग्यांचा मसाला घशाशी येत होता. जिभेला कोरड पडली होती. वाटेत एक पाणपोई लागली. राखणीच्या म्हातारीनं ओगराळं पुढं केलं, तर त्यानं हात जोडले आणि पुढं गेला. गल्लीत शिरल्यावर त्याची चाल मंदावली. ओटा आला. याच ओट्यावर नऊ वर्षं धडपं सोडलं होतं. गोजरनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत जाऊन वळून उभी राहिली. ती या म्हणाली नाही. तिला वाटत असावं, आपण बोललो तर हे मोडेल.

रखमाजीनं पाय उचलला आणि तो उंबऱ्याच्या अलीकडंच राहिला. मनानं सगळं ठरलं होतं. गच्चीवर चौघांदेखत तो बोललाही होता. पण उंबरा समोर आला तसं त्याला आतून कळलं, हा पाय पलीकडं पडला की नातवाची वाट बघणं संपलं. गच्चीवरनं म्हणणं सोपं होतं. इथं संपवायचं होतं. डोळे भरून आले आणि त्याला पुढचं दिसेना.

“सरका,” मागून सगुणाबाई म्हणाली.

तो सरकला नाही, तर तिनं त्याला खांद्यानं बाजूला केलं आणि उंबरा ओलांडून ती आत गेली. ना इकडं पाहिलं, ना तिकडं. घर तिनं आतून कधी बघितलं नव्हतं, तरी स्वयंपाकघर कुठं असणार हे काय बाईला विचारावं लागतं? कोपऱ्यात रांजण होता. तिनं झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्यानंच तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून चोळीवर ओघळत होतं, तरी ती थांबली नाही. तिनं दुसरा पेला भरला, तोही प्यायली. मग पदरानं तोंड पुसून तिनं दाराकडं पाहिलं. रखमाजी तिथंच उभा होता.

“नऊ वर्सं झाली, तहान लागल्ती मला,” ती म्हणाली.

“मंग बोलायचं की गं!”

“तुमी इचारलं का?”

चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई ओट्यावर आपल्या पाठीशी बसून काय गिळत होती, हे रखमाजीला कधी दिसलंच नव्हतं. त्याला आपली लाज वाटली, आणि त्या लाजेतच त्याचा पाय उंबऱ्याच्या आत पडला. पडला तो कळलाही नाही.

तो स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. गोजरनं पेला विसळला, भरला आणि वाकून बापाच्या हातात दिला. देता-घेता अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. उरलेलं तो एका दमात प्यायला.

“गोड हाय गं पाणी,” तो म्हणाला. “आणिक दे.”

तिनं दिलं. तो प्यायला, परत मागितलं, परत प्यायला. जगन्नाथ दारात उभा राहून बघत होता. बाहेर उन्हं कलू लागली होती आणि त्यानं दबकत विचारलं, “मामा, मोटारीची वेळ होत आली. अड्ड्यावर सोडायला येऊ का?”

रखमाजीनं डोक्याचं मुंडासं काढलं आणि मांडीशी ठेवलं. भिंतीला आणखी जरा ऐसपैस टेकला. मग लेकीकडं बघून म्हणाला, “रातच्याला काय करणार हाईस गं जेवायला?”